लिलावातलं जुनं सामान: आदल्या दिवशी काय पाहायचं

जुन्या फर्निचरच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या लिलावात हातोडा पडायला मिनिटभरही लागत नाही. त्या मिनिटात कुणीही नवा निर्णय घेऊ नये. तो आधीच्या प्रदर्शनाच्या दिवशी घेतलेला असावा, वस्तू उलटीपालटी करून, बॅटरी मारून, आकडा वहीत लिहून. पुढे जी कृती दिली आहे तिचा बहुतेक भाग म्हणूनच त्या पाहणीच्या दिवसाचा आहे. मुंबईतल्या मोठ्या लिलावगृहात ती जशी चालेल, तशीच कोलकात्याच्या रसेल स्ट्रीटवर १९४० पासून चालत आलेल्या रसेल एक्स्चेंजमध्ये किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या तालुक्याच्या गावच्या लिलावातही चालेल.

आधी डोळा तयार करा

खरेदीची घाई असली तरी ही पायरी गाळू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतली चिनी आणि जपानी पोर्सिलेनची भांडी आहेत. तिथे एक पूर्ण सकाळ द्या. पांढरा रंग किती प्रकारचा असतो, निळा रंग ग्लेझखाली कसा मुरलेला दिसतो, बुडाची कड कशी असते, एवढंच पाहा. हैदराबादला जाणं झालं तर सालारजंग संग्रहालयात युरोपातली भांडी आणि फर्निचर दोन्ही बघायला मिळतं. गोव्यात चांदरच्या ब्रागांझा वाड्यात या वस्तू घरात जिथे मांडल्या जायच्या तिथेच दिसतात, म्हणून त्या भेटीचं मोल मला अधिक वाटतं. मकाव ते गोवा या पोर्तुगीज जलमार्गाने आलेली चिनी भांडी तिथल्या सरदार घरांत पोचली. मुंबईच्या पारशी घरांत ती कॅन्टनच्या व्यापारातून आली. आज आपल्याकडच्या लिलावात येणारी कितीतरी भांडी अशाच घरांतून निघालेली असतात.

मग कॅटलॉग वाचा आणि त्यातला शब्द न् शब्द तोलून पाहा. ‘जॉर्जियन ड्रॉवरचं कपाट’ असं लिहिलं असेल तर लिलावगृह ते १७१४ ते १८३० या काळातलं आहे असं म्हणत असतं. ‘जॉर्जियन शैलीतलं’ असं लिहिलं तर ते बहुधा खूप नंतरचं. व्हिक्टोरियन म्हणजे १८३७ ते १९०१, एडवर्डियन म्हणजे त्यानंतरची दहाएक वर्षं. ‘शैलीतलं’ या एका शब्दाने किंमत कित्येक पटींनी बदलते. इंग्रजी कॅटलॉगमध्ये वर्णनाच्या शेवटी ‘ए. एफ.’ अशी अक्षरं दिसली तर वस्तू आहे त्या अवस्थेत विकली जाणार, म्हणजे तिच्यात काहीतरी दोष आहे, असं धरून चाला. आवडलेल्या प्रत्येक लॉटचा कंडिशन रिपोर्ट मागून घ्या. तो मोफत मिळतो आणि मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

पिशवीत काय असावं

चांगल्या उजेडाची छोटी बॅटरी, अल्ट्राव्हायोलेट बॅटरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मेजरिंग टेप, लोहचुंबक, दांडीचा छोटा आरसा, वही-पेन. बोटातल्या अंगठ्या आणि हातातलं घड्याळ काढून ठेवा. भांडी हाताळताना हात धुतलेले आणि कोरडे असावेत. मोजे घालू नका, गुळगुळीत ग्लेझवरून ते घसरतात.

फर्निचर: पुढून कमी, मागून जास्त

आधी दहा पावलं लांब उभे राहा. वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना शोभतो का, पाय शरीराच्या मानाने फार बारीक किंवा फार जाड तर नाहीत ना, हे लांबूनच कळतं. दोन वेगवेगळ्या कपाटांचे अर्धे भाग जोडून एक कपाट केलेलं असणं फार सर्रास चालतं. अशा जोडकामाची शंका आली तर मागे जा. वरच्या आणि खालच्या भागाच्या पाठीच्या फळ्यांचं लाकूड, जाडी, रंग आणि खिळे जुळायला हवेत.

मग परवानगी घेऊन सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. एकच काढून समाधान मानू नका. ते शेजारीशेजारी ठेवून एकमेकांशी ताडून पाहा. ज्या लाकडाला कधी पॉलिश लागलेलं नाही, हवाच लागली आहे, ते तळाला आणि पाठीला कोरडं, करडं-तपकिरी झालेलं असतं. तिथे रंग चोपडलेला दिसला तर काहीतरी लपवायचं आहे. ड्रॉवरच्या खालच्या कडा वर्षानुवर्षं घासून मधे किंवा मागे झिजलेल्या असतात आणि ज्या पट्टीवर त्या सरकतात तिलाही तशीच खोबण पडलेली असते. दोन्हींची झीज एकमेकींशी जुळते का पाहा. ड्रॉवरच्या दर्शनी फळीच्या आतल्या बाजूला बुजवलेली जादा भोकं दिसली तर मुठी बदलल्या आहेत. हा मोठा दोष मानू नका, पण किमतीतून वजा जरूर करा. मुठीला चुंबक चिकटला तर ती पितळेची नाही, पितळेचं पाणी दिलेलं लोखंड आहे.

इथे एक गोष्ट आपल्या मातीतल्या खरेदीदाराने विशेष लक्षात ठेवावी. इंग्रजी पुस्तकं सांगतात की हाताने कापलेले, थोडे वेडेवाकडे डव्हटेल सांधे आणि करवतीच्या सरळ रेघा म्हणजे वस्तू जुनी. गोल करवतीच्या कमानदार खुणा म्हणजे साधारण १९व्या शतकाच्या मध्यानंतरची. युरोपातल्या फर्निचरला हे लागू पडतं. आपल्याकडे मात्र हातकरवत आणि हाताने कापलेले सांधे पुढे कित्येक दशकं चालू राहिले, आजही कुशल सुतार ते करतो. म्हणून भारतीय वस्तूचं वय केवळ सांध्यावरून ठरवू नये. त्यापेक्षा तीन पुरावे अधिक भरवशाचे आहेत.

पहिला, स्क्रू. हाताने घडवलेल्या स्क्रूची डोक्यावरची खाच बरोबर मधोमध नसते आणि टोक बोथट असतं. यंत्राने केलेले अणकुचीदार स्क्रू साधारण १८५० नंतर सर्रास आले. एखादा स्क्रू बदललेला असू शकतो, पण कपाटातले सगळेच अणकुचीदार असतील आणि कॅटलॉग १८०० साल सांगत असेल तर प्रश्न विचारा. दुसरा, लाकडाचं आकुंचन. लाकूड रेषेच्या दिशेला जवळजवळ आटत नाही, आडव्या दिशेला आटतं. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांचं गोल टेबल आता नीट गोल राहिलेलं नसतं. टेपने रेषेच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात असा दोनदा व्यास मोजा. काही मिलिमीटरचा फरक मिळाला तर आनंद माना. सांध्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्याही याच कारणाने पृष्ठभागावर किंचित वर आलेल्या बोटाला लागतात. तिसरा पुरावा झिजेचा. खुर्चीच्या हातांची टोकं, खालची आडवी दांडी, पायांचे तळ ही माणसाच्या हातापायांनी झिजलेली ठिकाणं. जिथे हात किंवा पाय कधी पोचूच शकत नाही तिथे झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली आहे.

कीड पाहताना भोकांचा आकार बघा. भुंगा लाकडातून बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर बारीक गोल भोक पडतं. पृष्ठभागावर लांबट, उघडी पडलेली भुयारं दिसली तर ते लाकूड कीड लागल्यानंतर पुन्हा कापलेलं आहे, म्हणजे जुन्या लाकडाची नवी वस्तू. भोकाखाली पिवळसर ताजी पूड पडत असेल तर कीड जिवंत आहे. वाळवीची गोष्ट वेगळी, ती आतून पोखरते. पायाच्या तळाशी बोटाच्या पेराने वाजवून पाहा, पोकळ आवाज लपत नाही.

आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणूक शिसवीच्या नावाखाली होते. १९व्या शतकातलं मुंबईचं नक्षीदार काळं शिसवी फर्निचर आज मागणीत आहे, आणि साग किंवा फणसाचं लाकूड काळं रंगवून तेच म्हणून पुढे करणं सोपं आहे. खरं शिसव उचलताना जड लागतं आणि त्याच्या काळ्या रंगात जांभळट-तपकिरी रेषा असतात. खुर्चीचा हात जिथे घासला गेला आहे तिथे, नक्षीच्या उंचवट्यांवर आणि ड्रॉवरच्या कडेच्या आतल्या बाजूला भिंग लावा. रंग असेल तर तिथे खालचं फिकट लाकूड डोकावतं. फणसाच्या किंवा सागाच्या वस्तूला मी कमी लेखत नाही. गोव्यातली सागाची आणि फणसाची जुनी बाकं मला नक्षीने भरलेल्या सोफ्यांपेक्षा अधिक देखणी वाटतात. पण ती त्यांच्या नावाने आणि त्यांच्या भावाने घ्यावीत.

पॉलिशबद्दल एवढंच. जुनं लाखेचं पॉलिश लाकडात मुरलेलं, खोल दिसतं. नवं पीयू किंवा मेलामाइन लाकडावर प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखं बसतं. यंत्राने घासून, नवं पॉलिश मारून चकचकीत केलेल्या वस्तूची कातडीच गेलेली असते, ती परत आणता येत नाही. उलट मळकट, कळकट, पण हात न लावलेली वस्तू दिसली तर खुशाल बोली लावा. वेताची बैठक नवी विणलेली असणं दोष नाही; वेत झिजतो, तो बदलायचाच असतो.

चिनी मातीची भांडी: कान, बोट आणि उजेड

ताट डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोला आणि उजव्या हाताच्या नखाने कडेला हलकेच टिचकी मारा. अखंड पोर्सिलेन आणि बोनचायना खणखणीत, लांबणारा आवाज देतं. केसासारखी बारीक चीर असेल तर ‘ठक्’ असा बसका आवाज येतो. जाडसर, कमी तापमानावर भाजलेल्या मातीच्या भांड्याचा आवाज मुळातच बसका असतो, म्हणून आधी ते कसलं भांडं आहे हे ठरवा. त्यासाठी उजेडासमोर धरून मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोनचायना, नाही दिसली तर मातीचं. बोनचायनात निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते. १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्पोड यांनी ती कृती बसवली. त्यामुळे ‘१७५० सालचं बोनचायना’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा.

पुढे डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. टवका डोळ्यांना चुकतो, बोटाला चुकत नाही. ग्लेझ थंड आणि काचेसारखं कडक लागतं. दुरुस्ती करून रंगवलेला भाग किंचित कोमट आणि मऊ लागतो. मग अंधाऱ्या कोपऱ्यात अल्ट्राव्हायोलेट बॅटरी मारा. आधुनिक राळेने केलेली डागडुजी बहुतेक वेळा आजूबाजूपेक्षा वेगळी उजळते. चहादाणीचं तोंड, कान, झाकणाची मूठ, पुतळ्यांची बोटं आणि मान या जागा आधी बघा, कारण तुटतं तेच. ग्लेझमध्ये पसरलेल्या बारीक जाळीची तितकी भीती नको, पण जाळीत चहाचे डाग मुरले असतील तर ते काढणं कठीण. जुन्या भांड्यांना कधी पाठीमागून धातूच्या तारेचे टाके घातलेले सापडतात. त्याने बाजारभाव उतरतो, पण हे टाके प्रामाणिक असतात, काही लपवत नाहीत. घरात ठेवायला म्हणून असं टाके घातलेलं ताट स्वस्तात मिळालं तर मी ते नक्की घेईन.

बुडाखालचा शिक्का शेवटी पाहा, आधी नाही. शिक्का पाहिला की बाकीचं भांडं पाहायचं राहून जातं. तरी काही शिक्के तारखेला फार उपयोगी पडतात. इंग्लिश भांड्यावर हिऱ्याच्या आकाराचा नोंदणीचा शिक्का असेल तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेला. १८८४ पासून ‘आरडी नंबर’ येतो. ‘इंग्लंड’ हा शब्द साधारण १८९१ पासून दिसतो, कारण अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं तिथल्या कायद्याने सक्तीचं झालं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर ते विसाव्या शतकातलं मानून चाला. जपानी भांड्यावर ‘निप्पॉन’ असेल तर साधारण १८९१ ते १९२१, नंतर ‘जपान’. जुन्या घरांतून निघणारे नोरिताकेचे डिनर सेट बघताना हा भेद कामी येतो. उलट माइसेन कारखान्याचा दोन तलवारींचा शिक्का आणि चिनी सम्राटांच्या नावाचे शिक्के यांवरच विसंबू नका. कांगशी सम्राटाचा काळ १६६२ ते १७२२, पण त्याच्या नावाचा शिक्का १९व्या शतकातल्या भांड्यांवरही सर्रास मारलेला आहे. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने १८४५ नंतर माइसेन आणि चिनी भांड्यांच्या इतक्या सुबक नकला केल्या की त्या आज स्वतःच जुन्या झाल्या आहेत.

निळ्या विलो नक्षीची किंवा फुलांची छापील भांडी भिंगाखाली बघा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या जुन्या नक्षीत रेघा आणि विरळ-दाट ठिपके दिसतात, आणि काठाची पट्टी जिथे जुळवली तिथे सांधा चुकलेला असतो. वर्तमानपत्रातल्या फोटोत असते तशी एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई आधुनिक. डिनर सेट असेल तर ‘चोवीस नगांचा’ या शब्दावर न जाता प्रत्येक ताट हातात घ्या, झाकणं आपापल्या भांड्यांवर बसवून बघा.

कायदा विचारून घ्या

भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेष आणि कलाकोष अधिनियम, १९७२ प्रमाणे ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलांकडे अमेरिकेला आजीचं कपाट पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांहून कमी जुन्या वस्तूसाठीही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या. पेटीवर किंवा टेबलावर हस्तिदंताचं जडावकाम असेल तर हात आखडता घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो.

आकडा

घरी परत येऊन शांतपणे हिशेब मांडा. हातोड्याच्या किमतीवर लिलावगृह आपला बायर्स प्रीमियम घेतं आणि त्या प्रीमियमवर जीएसटी असतो. समजा प्रीमियम १५ टक्के आणि त्यावर कर १८ टक्के. म्हणजे एक लाखाच्या बोलीचे १,१७,७०० रुपये झाले. वस्तूवर वेगळा कर आहे का, हेही विचारा. आता उलटं मोजा. एकूण दीड लाख खर्च करायचे असतील आणि वाहतूक, सुतार यांना २५ हजार लागणार असतील, तर उरलेल्या सव्वा लाखाला १.१७७ ने भागा. तुमची शेवटची बोली १,०६,००० रुपये. हा आकडा कॅटलॉगच्या समासात लिहा.

त्याच बैठकीत घराचा दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचा वळणाचा चौथरा मोजा. मोठी जुनी कपाटं बहुतेकदा सुटी होतात, वरची महिरप नुसती उचलून निघते. पण सुटी न होणारी शिसवी अलमारी तिसऱ्या मजल्यावर नेणं हे खरोखर मोठं काम आहे.

लिलावाच्या दिवशी

नोंदणी आधी करा. ओळखपत्र, पॅन आणि काही ठिकाणी अनामत लागते. मागच्या बाजूला, सगळी खोली दिसेल असं बसा. तुमचा लॉट येईपर्यंत लिलावकर्त्याचा वेग आणि बोली किती पायऱ्यांनी चढते ते ध्यानात घ्या. पहिली बोली तुमची असायची गरज नाही. दोघं-तिघं थकू लागले की पॅडल उचला, आणि उचलताना स्पष्ट उचला.

कायदा तुमच्या बाजूचा आहे हे ठाऊक असू द्या. १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमाच्या ६४व्या कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, तो पडला की विक्री पूर्ण. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर राखून ठेवला नसेल, तर त्याला किंवा त्याच्या माणसाला बोली लावता येत नाही. खोट्या बोलीने किंमत चढवली असेल तर खरेदीदार ती विक्री रद्द ठरवू शकतो. लिहिलेला आकडा ओलांडला की पॅडल मांडीवर ठेवा. राखीव किमतीपर्यंत न पोचलेला लॉट परत जातो; लिलाव संपल्यावर लगेच त्याबद्दल विचारा, बऱ्याच चांगल्या वस्तू अशाच मिळतात.

घरी आणताना आणि आणल्यावर

पैसे भरण्याची आणि माल उचलण्याची मुदत पाळा, नंतर गोदामाचं भाडं चढतं. कपाटाचे ड्रॉवर काढून वेगळे न्या. टेबल वरच्या फळीला धरून कधीच उचलू नका, खालच्या चौकटीला धरा. खुर्ची बैठकीखाली धरून उचलावी, पाठीला किंवा हातांना धरून नाही. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस आता कोरडा पडलेला असतो. ताटं खोक्यात आडवी रचू नका. प्रत्येक गुंडाळून उभी, कडेवर ठेवा. झाकणं भांड्यांपासून वेगळी.

भांडी कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, एकेक धुवा. सोनेरी काठ असलेली किंवा जाळी पडलेली भांडी भिजत घालू नका. ग्लेझच्या वर रंगवलेल्या जुन्या ताटात चिंच-लिंबाचं काही वाढू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

फर्निचर आठ-पंधरा दिवस इतर लाकडापासून दूर ठेवून खाली पूड पडते का ते पाहा. एसीच्या झोताखाली आणि उन्हाच्या पट्ट्यात ठेवू नका. आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आणलं असेल तर ड्रॉवर अडकला म्हणून सुताराला रंधा मारायला सांगू नका. लाकूड दमट हवेने फुगलेलं असतं, डिसेंबरात ते आपोआप आटतं आणि रंधा मारलेला ड्रॉवर मग कायमचा खिळखिळा होतो. तोवर सरकत्या कडेवर पांढरी मेणबत्ती घासा. थंडीतही अडला तरच सुताराला बोलवा, आणि आधी झिजलेल्या पट्टीवर पातळ लाकडी चीप बसवायला सांगा.